सोळावा फर्मा

वाचनालयाच्या माळ्यावर एकाच कादंबरीच्या चाळीस प्रती पडून होत्या आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या एका कादंबरीच्या छत्तीस. कधीकाळी दोन्ही कॉलेजच्या अभ्यासक्रमाला होत्या. अभ्यासक्रम बदलला, तसं कॉलेजने ते ओझं वाचनालयाला सप्रेम भेट दिलं. घरातलं मोडकं कपाट गरीब नातेवाइकाच्या गळ्यात मारावं, त्यातला प्रकार. वाचनालयानेही तितक्याच प्रेमाने ते माळ्यावर टाकलं आणि पुढची पंधरा वर्षं त्या पुस्तकांचा अभ्यास फक्त उंदरांनी केला.

ही पुस्तकं खाली काढायची, असं देवघेवीच्या खिडकीवर बसणाऱ्या ताईंच्या मनाने घेतलं. बावीस वर्षं त्या खिडकीत बसून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. पुस्तक नेताना माणूस गप्प असतो, पण परत आणून देताना त्याला बोलायचं असतं. "फार छान आहे हो, ती बाई शेवटी..." अशी सुरुवात होते आणि रांगेतला मागचा माणूस ओरडतो, "सांगू नका, मी नेणारय!" पहिला बिचारा तोंड मिटून घरी जातो. असे कितीतरी शेवट लोकांच्या पोटात तसेच राहून गेले होते. मग दहा जणांनी मिळून एकच पुस्तक न्यावं, वाचावं आणि एकत्र बसून काय ते भांडून घ्यावं. एका पिशवीत एकाच पुस्तकाच्या दहा प्रती, सोबत गप्पांना सुरुवात करून देणारे आठ-दहा प्रश्न आणि एक अभिप्रायाचा कागद. पिशवी दीड महिना ठेवायची, मग परत.

अर्जात ताईंनी एवढंच लिहिलं होतं. खरं कारण लिहिलं नव्हतं. खरं कारण घरी खुर्चीत बसलेलं होतं.

ताईंचे वडील, आप्पा, बाइंडर. वाचनालयाची चाळीस वर्षांची बांधणी त्यांच्या हातची. बायको गेली आणि आप्पांनी दाबयंत्रावर जुनी चादर टाकली ती टाकलीच. दोन वर्षं झाली. सकाळी उठायचं, खिडकीपाशी खुर्चीत बसायचं, जेवलात का म्हटलं की हो म्हणायचं. कधीकधी जेवलेले नसायचे तरी हो म्हणायचे. ताईंनी काय नाही केलं! रेडिओ आणला, फिरायला नेलं, शेजारच्या म्हाताऱ्यांशी ओळखी करून दिल्या. आप्पा सगळ्यांशी गोड वागले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. या माणसाला खुर्चीतून उठवायचं तर त्याच्या हातात सुई द्यायला हवी, हे ताईंना कळत होतं. फक्त ती सुई मागणारं कुणीतरी हवं होतं.

मुख्य ग्रंथपालांना सगळे मागून 'नियमावली' म्हणत. समोर साहेब. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"एका सभासदाला एका वेळी दोन पुस्तकं. नियम सात."

"माहीत आहे, साहेब."

"तुम्ही दहा म्हणताय."

"दहा नाही, एकच. पिशवीला एकच दाखल क्रमांक द्यायचा. पिशवी हेच पुस्तक."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि नोंदवहीत पानं किती लिहू?"

"दोन हजार पाचशे साठ," ताई म्हणाल्या. हिशेब त्यांनी घरून करून आणला होता.

साहेब हसले. शिपायाने ही बातमी पाच मिनिटांत साऱ्या वाचनालयात पोहोचवली, कारण साहेब हसल्याचं याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

"दोन पिशव्या करा," ते म्हणाले. "तीन महिने बघू. पण एक जरी तक्रार आली, तरी पिशव्या परत माळ्यावर. आणि या चिंध्यांची बांधणी कोण करणार?"

"आमचे आप्पा."

"जमेल त्यांना अजून?"

"हात चालतात त्यांचे," ताई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. डोळ्यांचं साहेबांनी विचारलं नाही आणि ताईंनी आपणहून सांगितलं नाही. आप्पा चहा बशीच्या बाहेर ओततात, एकदा वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं आणि पाहिलंच नाही असं केलं होतं. आपण आंधळे आहोत असं वागायचं एकाने आणि आंधळा नाही असं वागायचं दुसऱ्याने, अशी त्या घरात तडजोड होती.

पहिल्या दिवशी आप्पांनी पुस्तकांच्या गठ्ठ्याला नुसता हात लावला आणि म्हणाले, "कुणाची ही शिलाई? माझी नाही. मी असली ढिली पाठ ठेवीन होय?" मग चादर निघाली. दाबयंत्राच्या आट्यांना तेल गेलं. पिठाची खळ शिजली आणि तिच्या वासाने घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. जुना दोरा कापून आप्पांनी फर्मे सोडवले. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. असे सोळा फर्मे एकावर एक ठेवून शिवले की यातलं एक पुस्तक. आप्पा बोटांनी मोजायचे, टेबलावर ठोकून कडा एक करायचे आणि आरीने भोकं पाडून शिवायला घ्यायचे. आठवड्याभरात स्वतः चहा मागायला लागले. दुसऱ्या आठवड्यात चहा पांचट झाला म्हणून ताईंवर ओरडले. ताई स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडल्या.

"आप्पा, गोष्ट कशी आहे हो यातली?" त्यांनी एकदा मुद्दाम विचारलं.

"मला काय ठाऊक? मी पाठीचा माणूस. पोटात काय आहे ते तुमचं तुम्ही बघा."

चाळीस वर्षांत हजारो पुस्तकं बांधली, पण एकही वाचलं नाही, ही गोष्ट आप्पा जरा अभिमानानेच सांगत.

वीस प्रती झाल्या. पाठी सरळ, कोपरे टोकदार. ताईंनी जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या. पहिली पिशवी न्यायला आल्या हेडबाई. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण हे त्यांना स्वतःला पटलं होतं की नाही कोण जाणे. पर्समध्ये लाल पेन अजून असायचं. त्यांच्या इमारतीतले नऊ जण तयार होते, पण कागदावर सह्यांच्या जागा दहा. रिकामी जागा हेडबाईंना जन्मात सहन झाली नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. वॉशर बसवून तो हात पुसतोय न पुसतोय, तोच हेडबाईंनी त्याच्या हातात दहावी प्रत ठेवली.

"बाई, मी आयुष्यात पुस्तक पुरं केलं नाही कधी."

"मग आता कर. इथे सही."

दीड महिन्याने, रविवारी सकाळी, वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत बैठक जमली. लांब टेबल, दहा खुर्च्या, अकरावी ताईंची. चहाची किटली त्यांच्याकडे. कादंबरी दोन बहिणींची होती. नदीकाठचं घर, विहिरीवरून भांडण, आणि धाकटी घर सोडून निघते. शेवटी ती परतत नाही. थोरली तिच्या नावाचं ताट काही दिवस वाढत राहते, मग एक दिवस वाढायचं थांबते.

"थोरलीने तिला शोधायला जायला हवं होतं," कुणी म्हणालं. "का म्हणून? धाकटीचीच चूक!" दुसरं कुणी म्हणालं. अर्धा तास असं रंगलं की किटली गार झाली. साऱ्या वेळात प्लंबर एक अक्षर बोलला नव्हता. केस नीट भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, पुस्तक पोटाशी धरून बसलेला.

"तुम्हाला शेवट कसा वाटला?" ताईंनी त्याला विचारलं.

"मला... मला लई आवडला," तो म्हणाला. "तो म्हातारा रोज स्टेशनवर जातो ना, आणि शेवटी भाऊ गाडीतून उतरतो. दोघं एक शब्द बोलत नाहीत. नुसती एक बॅग दोघं मिळून उचलतात, एक कान याने धरलाय, एक त्याने. मी दोनदा वाचलं ते."

मग कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं.

"कुठला म्हातारा?" हेडबाई म्हणाल्या. "न वाचता ठोकून देतोयस होय रे? पस्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात मी."

प्लंबरचे कान लाल झाले. "वाचलंय, बाई. एक-एक पान वाचलंय. ती बोटीत बसते दोनशे चाळीसवर. आणि दोनशे एक्केचाळीसवर म्हातारा स्टेशनात उभा. मला वाटलं, मधे बरीच वर्षं गेली असतील. नावं बदललेली होती, पण गाव सोडल्यावर माणसं बदलतात की नावं. विहिरीचं पुढे काही आलंच नाही, तेवढं जरा खटकलं."

कुणी हसायचं थांबेना. त्याने पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. हेडबाईंनी चष्मा नाकावर ओढून पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. शेवटची सोळा पानं दुसऱ्या कादंबरीची होती. तोच कागद, तोच टाइप, आणि दोन्हीकडे सोळावा फर्मा दोनशे एक्केचाळीसनेच सुरू होणारा. ताईंनी किटली खाली ठेवली. दुसऱ्या पिशवीत, कपाटात, एक घड्याळजी म्हातारा आपल्या भावाची वाट बघत असणार आणि त्याच्या शेवटी कुणीतरी ताट वाढत असणार.

"मला माफ कर," हेडबाई प्लंबरला म्हणाल्या, मोठ्याने, सगळ्यांसमोर. त्या न्यायाला पक्क्या होत्या. आणि पक्क्या होत्या म्हणूनच त्यांनी लाल पेन काढलं आणि अभिप्रायाच्या कागदावर, तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: 'दहावी प्रत, शेवट चुकीचा.' ताईंनी काही बोलायला तोंड उघडलं. "चूक ती चूक," हेडबाई म्हणाल्या आणि कागद त्यांच्या हातात दिला.

तो कागद साहेबांच्या टेबलावर जायला हवा होता. तो गेला ताईंच्या पर्समध्ये. दोन्ही चुकीच्या प्रती गेल्या पिशवीतून घरी. कागद साहेबांनी वाचला की पिशव्या माळ्यावर, दाबयंत्रावर चादर आणि आप्पा खुर्चीत. एवढं साधं गणित होतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा अंघोळीला गेल्यावर ताईंनी दोन्ही प्रतींचे दोरे कापले, सोळावे फर्मे अदलाबदल केले आणि सुई घेतली. बाइंडरची मुलगी असून शिलाई अशी की उशीचा अभ्रासुद्धा लाजावा. पण झालं एकदाचं. पाठ चिकटवून त्या उठणार, तोच आप्पा मागे उभे. केस ओले, पंचा खांद्यावर.

त्यांनी पुस्तक उचललं. डोळ्यांपाशी नेलं नाही, अंगठा नुसता पाठीवरून फिरवला.

"ही गाठ कुणाची?"

"आप्पा, ते जरा सुटलं होतं, म्हणून..."

"माझी गाठ सुटत नाही." ते टेबलाशी बसले. "चुकला ना फर्मा? कितवा?"

ताईंना खोटं बोलणं जमलं नाही. "सोळावा."

"मला दिसत नाही गं, पोरी. अक्षरं नाही दिसत. नुसती काळी रेघ दिसते."

"कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हापासून. सहा-सात वर्षं झाली." आप्पा टेबलाच्या पलीकडच्या स्टुलाकडे बघत म्हणाले. "ती बसायची तिथे. फर्मे लावून द्यायची. प्रत्येक फर्म्याची पहिली ओळ मोठ्याने वाचायची, म्हणजे पुस्तक तेच आहे ना, ते तिला कळायचं. मी शिवायचो. कुणाला पत्ता लागला नाही, तुलासुद्धा."

ताईंना इतके दिवस वाटत होतं की आईच्या दुःखाने आप्पांनी काम सोडलं. ते होतंच. पण आई गेली त्या दिवशी आप्पांचे डोळेही गेले होते, आणि हे त्यांनी एकट्याने दोन वर्षं त्या खुर्चीत बसून गिळलं होतं.

"आणि तुला सांगू का," आप्पा हळू आवाजात म्हणाले, "तिला पुढचं वाचायचं असायचं. एखाद्या ओळीवर अडायची, म्हणायची, अहो, थांबा ना, बघू तर पुढे काय होतंय. आणि मी म्हणायचो, वेळ नाही, पुढचा फर्मा दे. दरवेळी. पुढचा फर्मा दे." त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. "तो तक्रारीचा कागद आला असेल ना? साहेबांना दे. चूक माझी आहे, ती लपवून माझं नाव राहायचं नाही."

ताई वाचनालयात पोहोचल्या तेव्हा देवघेवीची खिडकी उघडायची होती, आणि बाहेर हत्यारांची पिशवी घेऊन प्लंबर उभा होता.

"ताई, ती दुसरी पिशवी द्या ना. शेवट वाचून झालाय, आता सुरुवात वाचायचीय."

ताईंना हसावं की रडावं कळेना. "अहो, चुकून बांधलं गेलं ते. तुम्हाला उगाच ऐकून घ्यावं लागलं सगळ्यांसमोर."

"त्याचं काय एवढं?" तो खिडकीशी वाकला. "माझा धाकटा भाऊ आहे, ताई. आठ वर्षं बोलणं नव्हतं आमचं. ती बॅग दोघं उचलतात ना, ते वाचलं आणि मी फोन लावला त्याला. काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, नळ-बिळ ठीक आहेत ना घरचे? तो म्हणाला, एक गळतोय. परवा जाऊन आलो. बरोबरचा शेवट मिळाला असता, तर मी नसता लावला फोन. त्यात तर ताट वाढायचंच थांबवते म्हणे."

साहेब आपल्या खोलीच्या दारात उभे होते, हे ताईंना वळल्यावर दिसलं. किती वेळ उभे होते, देव जाणे. ताईंनी पर्स उघडून कागद दिला आणि सगळं सांगून टाकलं. डोळे, आई, फर्मे, कागद लपवला तोसुद्धा. साहेबांनी कागद वाचला. मग नियमांचं पुस्तक काढलं, आणि ताईंनी मनातल्या मनात माळ्याची शिडी चढायला घेतली.

"नियम एकोणीस," साहेब म्हणाले. "बांधणी झालेल्या प्रतीची पाने तपासनिसाने तपासून सही करावी. कुणी केली?"

"कुणीच नाही, साहेब. तपासनीस कुठे आहे आपल्याकडे?"

"मग ही चूक बाइंडरची नाही. तपासनिसाची आहे. आणि तपासनीस नेमला नाही, म्हणजे माझी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाइंडरला दिसलं पाहिजे, असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलं आत्ता. तपासनिसाला दिसलं पाहिजे. तेवढा एक बघा."

"मी आहे की," खिडकीतून प्लंबर म्हणाला. "जोडण्याआधी आटे बघायचे असतात, ते मला कळतं. रविवार मोकळाच असतो माझा."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, इस्त्री नसलेल्या शर्टाकडे, ग्रीस लागलेल्या बोटांकडे. "हात धुऊन," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी प्लंबर साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आप्पांच्या टेबलाशी बसला. कुठे बसावं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रिकामं दिसलं ते स्टूल त्याने ओढून घेतलं. ताई काहीतरी बोलणार होत्या, पण आप्पांनीच हाताने त्यांना थांबवलं. साहेबांनी तिसरी पिशवीही मंजूर केली होती आणि तिच्यासाठी माळ्यावरूनच तिसरी एक कादंबरी निघाली होती. प्लंबर फर्मा उचलायचा, पहिली ओळ बोट ठेवून वाचायचा, लहान मुलासारखी, शब्द सुटे सुटे करून. आप्पा मान हलवायचे, फर्मा घ्यायचे, शिवायचे. एक. दोन. तीन. चार. ताई दाराशी भाजी निवडत बसल्या होत्या.

पाचव्या फर्म्याची ओळ अर्धवटच सुरू होत होती. "...म्हणून मी परत आले," प्लंबरने वाचलं, "असं म्हणून तिने ओली छत्री दाराशी टेकवली आणि आत कोण आहे ते बघायला वाकली." तो थांबला. फर्मा पुढे केला. "बरोबर आहे, आप्पा. पुढचा देऊ?"

आप्पांनी हात पुढे केला नाही.

"आप्पा? पुढचा फर्मा देऊ का?"

आप्पांनी सुई दोऱ्याच्या गुंडीत खोचली. शिवणं मधेच सोडून सुई ठेवलेली ताईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर घेऊन ते खुर्चीत मागे टेकले आणि समोरच्या स्टुलाकडे तोंड करून म्हणाले, "नाही. थांब. पुढे काय होतंय ते वाच."

तिसरी पिशवी ठरल्या दिवशी तयार झाली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा ताईंनी नोंदवहीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'तपासणी चालू आहे.'